आण्याच्या पठारावर सुमतीची कॅसेट

शिवाजीनगरच्या स्टँडवर नारायणगावची एसटी लागली तेव्हा माझ्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक चित्र होतं आणि खांद्यावरच्या झोळीत कपड्यांपेक्षा कॅसेटी जास्त होत्या. मला एक खोड आहे. जे मला आवडतं ते समोरच्याला आवडेपर्यंत मी त्याचा पिच्छा सोडत नाही. गाणं असो, चित्र असो, सिनेमा असो. बायको याला आजार म्हणते. ऑफिसात मी डबा उघडला की शेजारचे दोघे जागा बदलतात, कारण हात धुऊन होईपर्यंत मी त्यांना एक अख्खा सिनेमा सांगितलेला असतो, तोही त्यांनी कधी बघण्याची शक्यता नसलेला.

त्यातही माझा जास्त जीव मित्रांच्या कामावर. नावाजलेल्यांचं कौतुक करायला जग पडलंय, आपल्या मित्रांचं आपणच करायला हवं. काखेतलं चित्र वसंताचं होतं. झोळीत सगळ्यात वर होती ती सुमतीची कॅसेट. सुमती बालवाडीत शिकवायची आणि उरलेल्या वेळात गायची. फार सुरेख गायची. पदरमोड करून तिने एक कॅसेट काढली होती आणि तिचे गठ्ठे तिच्याच पलंगाखाली धूळ खात पडले होते. निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेलो, तर तानपुऱ्याला गवसणी घातलेली.

"चार अनोळखी माणसांनी एक बाजू शेवटपर्यंत ऐकली, एवढं येऊन सांग," ती म्हणाली. "नातेवाईक नकोत. तू तर नकोसच. नाही ऐकली, तर तानपुरा देऊन टाकते आणि शिलाईचं मशीन घेते."

ती चेष्टा करत नव्हती. तानपुऱ्याला गिऱ्हाईकही आलं होतं. मी म्हटलं, चारच काय, गावच्या गाव बसवतो ऐकायला. असली वाक्यं माझ्या तोंडून सहज निघतात आणि मग ती निभवायची कशी याचा हिशेब मी करत बसतो. तो मंचर येईपर्यंत चालू होता.

खरं तर मी निघालो होतो आण्याला. हॉस्टेलमधला माझा दोस्त दत्तू याने तिथे नवं घर बांधलं होतं आणि त्याची घरभरणी (वास्तुशांत) होती. वाटेत निरगुडसरला मावशीकडे एक मुक्काम केला. वसंताचं चित्र तिच्यासाठीच होतं. हिरवे-तपकिरी मोठे चौकोन, मधून गेलेली एक काळी वाकडी रेघ, कोपऱ्यात लाल ठिपका. चित्राचं नाव 'अस्वस्थता'. मावशीने ते कौतुकाने ओसरीवर टांगलं. काकांनी चष्मा लावला, जवळ गेले, लांब गेले आणि विचारलं, "ही कुणाची वावरं?" (वावर म्हणजे शेत.)

मी सांगितलं की ही शेतं नाहीत, माणसाच्या मनातली घालमेल आहे. काकांनी मान डोलावली आणि शेजारच्या रामभाऊंना हाक मारली. रामभाऊंनी काळी रेघ पाहिली मात्र, त्यांचा चेहरा बदलला. बांध असा वाकडा नाही, सरळ आहे, आणि विहीर बांधाच्या अलीकडे आहे, हे त्यांनी ठासून सांगितलं. काका म्हणाले, विहीर चित्रात आहे तिथंच आहे. चहा दोनदा झाला तरी दोघं थांबेनात. शेवटी मावशीने चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि मला म्हणाली, "पुढच्या वेळी फुलांचं आण बाबा." पुढे मी वसंताला हे सगळं घाबरत घाबरत सांगितलं, तर तो हरखून गेला. पुण्यातल्या प्रदर्शनात त्याच्या चित्रासमोर कुणी चप्पल सरळ करण्यापुरतंही थांबत नसे.

दुसऱ्या दिवशी आळेफाट्याला आलो. कांद्याच्या ट्रकांच्या गर्दीतून आण्याची जीप शोधून काढली. जीप भरली म्हणजे नक्की किती माणसं बसली, हे ड्रायव्हरलाच माहीत. त्याचा टेप जोरात चालू होता. एवढी अनोळखी माणसं, तीही पळून जाऊ न शकणारी, मला आयती मिळाली होती. मी मोठ्या अजिजीने सुमतीची कॅसेट पुढे केली. ड्रायव्हर भला माणूस, त्याने लावली. पहाटेचा राग, संथ आलाप, मागे फक्त तानपुरा. तबला नाही, पेटी नाही. मी डोळे मिटून घेतले.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर ड्रायव्हरने टेपवर एक थाप मारली. मग आणखी एक. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं की टेप ताणली असंल, पेन्सिल घालून फिरवा. ड्रायव्हरने कॅसेट काढली, फुंकर मारली आणि माझ्या हातात ठेवली.

"पावणं, बाईचा गळा चांगलाय," तो म्हणाला. "पर गाणं सुरू व्हायच्या आत आणं येतंय."

घाट चढून गेलं की एकदम पठार लागतं आणि वारा अंगावर येतो. जिकडे पाहावं तिकडे मोकळी माळरानं, बाजरीची रिकामी शेतं, कुठे विहिरीपुरती हिरवी पट्टी. झाडं कमी आणि आभाळ भरपूर. दत्तूने फाट्यावर येऊन मला मिठीच मारली. त्याचं नवं घर गावाबाहेर उंचवट्यावर होतं. जुनं घर तिथून खाली, दोन वावरं ओलांडून. सगळं बिऱ्हाड अजून तिथेच होतं.

रात्रीचं जेवण जुन्या घरी झालं. आमटी-भाकरी. इथली आमटी मसाल्याची, झणझणीत, आणि ती वाटीत घ्यायची नसते, ताटात भाकरी कुस्करून वर ओतायची असते. माझ्या शेजारी दत्तूचे वडील, आबा, जेवत होते. वय ऐंशीच्या पुढे, अंगाने काटकुळे, पण माझ्याआधी दोन भाकरी संपवून माझ्या ताटाकडे बघत बसले. नव्या घराबद्दल विचारलं तर म्हणाले की स्लॅबखाली झोप लागत नाही, आणि नंतर खोकत गोठ्याकडे झोपायला गेले.

मी झोपलो नव्या घराच्या गच्चीवर, स्पीकरवाल्या बबनबरोबर. बबन ओतूरचा, म्हणजे घाटाखालचा. त्याने गच्चीच्या टोकाला भलामोठा कर्णा बांधला होता आणि त्याचं तोंड खालच्या वाड्यावस्त्यांकडे केलं होतं. त्याच्याजवळ सिनेमाच्या गाण्यांची पेटी होती. सकाळी उजाडायच्या सुमाराला मी त्याला गाठलं. म्हटलं, लोक जमायच्या आधी माझी एक कॅसेट लाव. बबनला तेवढा वेळ चहाला जायला मिळत होता. त्याने सुमतीची कॅसेट घातली, आवाज वाढवला आणि जुन्या घराकडे निघून गेला. दत्तू तर आधीच गुरुजींना आणायला बेल्ह्याला गेला होता.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी, जी मला तोवर कुणी सांगितली नव्हती. त्या पठारावर घरोघरी फोन नव्हते. कर्णा हाच निरोप. सनई वाजली की लग्न, सिनेमाची गाणी वाजली की बारसं नाहीतर घरभरणी. आणि भल्या सकाळी, ताशा नाही, टाळ नाही, नुसता एकच संथ आवाज ऐकू आला, तर त्या घरात माणूस गेलं. मग हातातलं काम टाकून यायचं आणि मुकाट्याने बसायचं.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी एवढंच पाहिलं की सुमतीचा आवाज त्या मोकळ्या पठारावर पसरत चाललाय, आणि मला भरून आलं. पलंगाखाली पडून राहिलेला तो आवाज इतका मोठा असेल असं मलाही वाटलं नव्हतं. मग खालच्या पायवाटेने एक माणूस आला, अंगणात टेकला आणि मान खाली घालून ऐकू लागला. मागून आणखी दोघं. मग पाच-सहा बाया, डोक्यावरून पदर घेतलेल्या. कुणी बोलत नव्हतं. एका म्हातारीने डोळे पुसले. मी खाली उतरून त्यांच्यात जाऊन बसलो. मनात म्हटलं, सुमते, बघ. पुण्यात असे रसिक दाखव.

माझ्याजवळ बसलेल्या माणसाने हळूच विचारलं, "पावणं, कवा आलात?"

"काल संध्याकाळी."

"म्हंजी आबांची भेट झाली."

"झाली की. जेवलो बरोबर."

"जेवलं व्हतं का चांगलं?"

"दोन भाकरी. मी मागे पडलो."

त्याने ते पलीकडच्याला सांगितलं, पलीकडच्याने बायांना. सगळ्यांनी मान हलवली. "नशीबवान," एक जण म्हणाला. मला वाटलं, मलाच म्हणतोय, म्हणून मी नमस्कार केला. इतक्यात दोघं खांद्यावर बांबू घेऊन आले. मांडवाला बांबू कमी पडले असतील असं समजून मी उठून त्यांना हातभारही लावला.

एवढ्यात आबा आले. हातात तांब्या, डोक्याला टॉवेल, माळावरून परत येत होते. आपल्याच नव्या घरापुढे एवढी माणसं गप्प बसलेली पाहून ते दचकले. घरातलंच कुणी गेलं, असं त्यांना वाटलं असावं. तांब्या खाली ठेवून ते मागच्या ओळीत बसले आणि शेजारच्याला विचारलं, "कोण गेलं रं?"

तो खालमानेनेच म्हणाला, "आबा गेलं."

आणि मग त्याने वर पाहिलं.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. तो माणूस बसल्या जागेवरून बराच मागे सरकला. डोळे पुसणारी म्हातारी आबांवरच चिडली, म्हणाली की कांद्याची खुरपणी टाकून आले व्हते मी. बबन चहाचा कप घेऊन धावत आला. गुरुजींना घेऊन दत्तूही तेवढ्यात पोचला. त्याला बांबू दिसले आणि ते धरून उभा असलेला मी. सारा उलगडा झाल्यावर त्याने माझ्या हातातले बांबू काढून घेतले आणि पाठ फिरवली. नव्या घराच्या पहिल्याच दिवशी असला अपशकुन, तोही जिवलग मित्राच्या हातून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाऊन झोळी भरावी आणि मिळेल त्या पहिल्या जीपने निघावं, असं ठरवलं. सुमतीला सांगण्यासारखंही काही उरलं नव्हतं. माणसं बसली होती, पण ती गाण्याला बसलीच नव्हती.

गुरुजी समजूतदार निघाले. खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. दत्तूचा चेहरा जरा सैल झाला. पण खरा निकाल दिला तो आबांनी. त्यांनी बाज अंगणात आणायला लावली, तिच्यावर ऐसपैस बसले आणि मला जवळ बोलावलं.

"मी ज्या गाण्यावर गेलो ते मला तरी ऐकू द्या. पहिल्यापासून."

बबनने कॅसेट मागे फिरवली. लोक जायला उठले होते, त्यांतले काही उभ्याउभ्या थांबले. मग बसले. या वेळी माना वर होत्या. तंबाखू मळली जात होती, चहा फिरत होता, एका बाईच्या मांडीवरचं पोर रडून गप्पही झालं. आबा डोळे मिटून होते. मी मोजले नाहीत, पण चाराच्या कितीतरी वर होते, आणि बाजू संपून कट्‌ आवाज झाला तेव्हा त्यांतलं कुणीही उठलेलं नव्हतं. ती चिडलेली म्हातारीसुद्धा.

"लई भारी," आबा म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी पूजेच्या ताटातली एक सुपारी उचलली आणि माझ्या हातावर ठेवली. या भागात तमाशाचा फड असो की भजनी मंडळ, बोलणी पक्की झाली की सुपारी देतात. "ही त्या बाईला द्या. माझ्या दहाव्याला तिनंच गायचं. दुसरं कुणी चालणार न्हाई."

दत्तू म्हणाला, आबा, आजच्या दिवशी हे काय बोलता.

"घाई न्हाई म्हणावं," आबा मला म्हणाले. "तारीख मागनं कळवू."

घरभरणी मग झोकात झाली. आमटी मी पोटभर खाल्ली. निघताना दत्तूने माझ्या पाठीत एक जोरदार गुद्दा घातला, त्यावरून आमची मैत्री टिकली हे मला कळलं.

पुण्यात उतरल्यावर घरी न जाता आधी सुमतीकडे गेलो. काही लपवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून बांबूंसकट सगळं सांगितलं. सुमती हसली नाही. तिने पुन्हा पुन्हा एकच विचारलं, "दुसऱ्या वेळी? दुसऱ्या वेळी बसले?"

"बसले. पहिल्या वेळी आबा गेले म्हणून, दुसऱ्या वेळी गाणं ऐकायला."

मी सुपारी तिच्या हातात दिली. तिने ती बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली. आयुष्यातली तिची ती पहिली सुपारी होती. मग तिने विचारलं, आबांचं वय काय, तब्येत कशी आहे. म्हटलं, दोन भाकरी खातात. "म्हणजे बरीच वर्षं आवाज सांभाळावा लागणार," ती म्हणाली आणि तानपुऱ्याची गवसणी काढायला लागली.

मी अजूनही झोळी भरून हिंडतो, माझी खोड काही गेलेली नाही. पण एखादी गोष्ट आवडणं म्हणजे काय, याबद्दल पूर्वीइतकं ठासून बोलत नाही. सुपारी सुमतीच्या फडताळात आहे. तिच्या घरी शिलाईचं मशीन आलं नाही. रोज पहाटे ती तोच राग गाते, न जाणो कधी निरोप येईल म्हणून. दत्तू आता मोबाइलवरून बोलतो, तेव्हा मागून आबांचा आवाज येतो, बाई गातीया ना, म्हणून. मी सांगतो, गातेय. मग आबा समाधानाने खोकतात आणि म्हणतात, "गाऊ दे. यंदा काय जमत न्हाई म्हणावं."