झेरॉक्सवरची काळी रेघ

ते प्रकरण आठवले की आजही माझे कान गरम होतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण इतका हादरलो एकदाच.

अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी निरीक्षक होतो. सलग नापिकीची वर्षे होती. बाजारात गिऱ्हाईक नव्हते, म्हणून दुकानदार 'आज घेऊन जा, हप्त्याने फेडा' म्हणत टीव्ही-मोबाइल खपवत होते. एके दिवशी हजेरी आटोपताच एक मुस्लिम विधवा आली. शिलाईकामावर घर चालवायची. मुलीला अमरावतीत फार्मसीला प्रवेश मिळाला होता, फी भरायला आठ दिवस उरले होते आणि बँकेने शैक्षणिक कर्ज नाकारले होते. कारण बाईंचा क्रेडिट रिपोर्ट खराब.

"साहेब, मी शेजारनीकडून उसनं मीठ बी आनत नाही," ती म्हणाली. "अन् बँकवाला म्हनते, तुमी तीन कर्जं बुडवली. घेतलीच नाही त बुडवू कशी?"

खरे सांगतो, बाई लपवते आहे असेच मला वाटले. थकबाकीदार असेच बोलतात. तरी अर्ज घेतला आणि सवयीने म्हणालो, "समोरून सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स आणा."

समोरचा झेरॉक्सवाला म्हणजे आमचा कायमचा पंच. कायद्याने पंच त्रयस्थ आणि भरवशाचा हवा. प्रत्यक्षात जो हाकेच्या अंतरावर असतो, त्यालाच आम्ही बोलावतो. जप्ती असो की घटनास्थळाचा पंचनामा, हा पेन घेऊन हजर.

रिपोर्ट मला वाचता येत नव्हता. ओळखीच्या एका बँक अधिकाऱ्याकडे बसून शिकलो. वर नाव, पत्ता, फोन. खाली एकेक कर्ज आणि कोणत्या महिन्यात हप्ता किती दिवस लांबला. शेवटी, तुमची चौकशी कोणी कोणी केली.

"स्कोअर नंतर बघा साहेब, आधी फोन नंबर बघा," तो म्हणाला.

नंबर बाईंचा नव्हताच. मग नमुना म्हणून मी माझाही रिपोर्ट मागवला. त्यात एक फ्रीज होता, तीन हप्ते थकलेला. मी असा फ्रीज कधी घेतलाच नव्हता. आणि फोन नंबर तोच, बाईंच्या रिपोर्टमधला! दोन दिवसांपूर्वी मी त्या बाईला मनातल्या मनात खोटारडी ठरवले होते.

अकोल्याला, ती कर्जे देणाऱ्या फायनान्स कंपनीच्या कार्यालयात गेलो. वसुलीचा माणूस सहज बोलून गेला, "त्या नंबरवर फोन लावला त एक मानूस म्हने, ते बाई वारली. आमी फाइल बाजूले ठेवली."

जिवंत बाईला मारून टाकले होते! फायली उघडल्या. तिच्या आणि माझ्या ओळखपत्रांच्या झेरॉक्सवर उजव्या कडेला उभी काळी रेघ. ती रेघ मी रोज पाहत होतो. आमच्या दोषारोपपत्रांच्या प्रतींवर तीच असायची. समोरच्या मशीनमध्ये बिघाड होता आणि आम्हीच त्याला म्हणायचो, चालते रे.

परत येऊन झेरॉक्सवाल्याला बोलावले. तो पेन काढून नेहमीच्या खुर्चीत बसला.

"सही कुठी करू, साहेब?"

मी तो नंबर लावला. फोन त्याच्या खिशात वाजला.

पंधरा मिनिटे तो नाही-नाही म्हणत राहिला. मग दोन्ही फायली समोर ठेवल्या आणि रेघेवर बोट ठेवले. तो खाली मान घालून बोलू लागला. "प्रत खराब निघाली म्हनलं की लोक तिथंच सोडून जातात. मी फेकत नव्हतो. टीव्ही-फ्रीजच्या दुकानातला पोरगा सामील होता, त्या कागदांवर फोटो बदलून घेत होता."

"पोलिसाच्या नावावर फ्रीज घ्यायला हात कसा धजला?"

"तुमचा कागद चांगला होता, साहेब. लगेच पास झालं."

चांगला! मी आयुष्यभर वेळेवर हप्ते भरले होते, त्याचा फायदा याने घेतला. पुढे माझ्या जुन्या खटल्यांत आरोपीचे वकील हाच पंच दाखवून मला उभा-आडवा सोलत. बरोबरच होते त्यांचे.

सातव्या दिवशी अटक झाली. वरिष्ठांनी शाबासकी दिली. रिपोर्ट दुरुस्तीसाठी मी स्वतः बाईंचा अर्ज लिहिला, गुन्ह्याच्या नोंदीची प्रत जोडली, कंपनीचे पत्र मिळवले. दुरुस्त रिपोर्ट आल्याशिवाय बँक हलेना. तो यायला महिना लागला. तोवर कॉलेजातली जागा दुसऱ्या मुलीला गेली.

रिपोर्ट दुरुस्त झाल्याचे सांगायला मी बाईंच्या शिलाईच्या दुकानात गेलो. मुलगी दुसऱ्या मशीनवर बसून कुणाच्या तरी ब्लाउजला काज करत होती. तिने वर पाहिले नाही.

बाई म्हणाली, "चोर तुमाले आठ दिवसांत सापडला, साहेब. मी चोर नाही, हे सांगाले महिना लागला."

आता मी प्रत्येक झेरॉक्सवर तारीख आणि कारण आडवे लिहितो, खराब प्रत मागून घेऊन फाडतो आणि वर्षातून एकदा रिपोर्ट तपासतो. हे सगळ्यांनी करावे. पण गुन्हा उघडकीस आला म्हणजे आपले काम संपले, ही माझी समजूत त्या दुकानाच्या दारात कायमची गेली. त्या मुलीचे ते वर्ष मी कोणत्याही पंचनाम्यात लिहू शकलो नाही.