अजून कच्चीच हाय

आमच्या सासूबाई आमच्याकडे राहायला येत नव्हत्या, आणि त्याचं कारण मी नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण सासू येत नाही म्हटलं की लोक पहिल्यांदा सुनेकडे बघतात. कारण होतं फरशी. आम्ही तेव्हा भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो आणि घरमालकानं तिथं तोंड दिसेल इतक्या चकचकीत टाइल्स बसवल्या होत्या. सासरे वारल्यावर नवरा सासूबाईंना देवगाव रंगारीहून घेऊन आला. घरात पाहुणे बसलेले, आणि या चहाचा ट्रे घेऊन येताना सपशेल आपटल्या. हाड शाबूत राहिलं, पण अब्रू गेली. "ह्या काचंवर मी परत पाय ठेवणार नाय," म्हणाल्या, आणि गावी जाऊन सगळ्या भावकीत सांगून बसल्या की मेले तरी शहरात राहायला जायची नाही.

मला त्या हव्या होत्या. एकटं माणूस गावात, काही झालं तर कळायचं कसं, ही काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर मला बोलायला कोणीतरी हवं होतं. नवरा आमचा दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यांतली दोन जेवणाची. सासूबाई मात्र भाजी निवडता निवडता गंगापूरपासून कन्नडपर्यंतची सगळी सोयरीक उलगडायच्या.

म्हणून चिकलठाण्याकडे घर बांधलं तेव्हा मी ठरवलं, फरशी मी निवडणार. जालना रोडवरच्या दुकानात भर उन्हात मी चपला काढल्या, एकेका लादीवर तांब्यानं पाणी ओतलं आणि ओल्या पायांनी चालून पाहिलं. नवरा ओळख नसल्यासारखा लांब उभा राहिला. पॉलिश केलेला कोटा दिसायला देखणा होता, पण पाय सटकला. बिनपॉलिशची शहाबादी मात्र पाय धरून ठेवत होती.

"अब कौन लगाता ये, दीदी?" दुकानदार म्हणाला. "लोगां आंगन में डालते."

"आम्ही हॉलमध्ये डालते," मी म्हटलं. माझी हिंदी रागात अशीच होते.

फरशी बसली. करड्या-निळ्या लाद्या, एकीसारखी दुसरी नाही. नवरा मोठ्या उत्साहानं आईला आणायला गेला आणि एकटाच परत आला. "आई म्हणते, भावकीत शब्द दिलाय."

मला असा संताप आला! दुकानात तमाशा करून मी फरशी आणली, आणि ह्या शब्द धरून बसल्या. त्यातून मिस्त्री जाताना बजावून गेला होता की सांधे नुकतेच भरलेत, आठवडाभर सारखं पाणी मारा, नाहीतर लाद्या पोकळ वाजतील. फ्लॅट सोडून आम्ही आधी तयार झालेल्या एका खोलीत बिऱ्हाड मांडलं होतं, आणि दिवसभर दोघंही नोकरीवर. पाणी मारणार कोण? मी गावी फोन लावला. "येऊ नका राहायला," मी म्हटलं. "पण फरशी वाळून चाललीय, तिला पाणी द्यायला तरी या."

संध्याकाळच्या एसटीनं त्या हजर. पिशवीत दोन लुगडी. उंबऱ्यावरूनच सांगितलं, "राहायला नाय आले. फरशी पक्की झाली की चालले."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर दारात चिखलाचा बांध. प्रत्येक खोलीच्या तोंडाशी बांध. आत घोटाभर पाणी, आणि सासूबाई लुगडं खोचून, हातात खुरपं घेऊन एका खोलीतलं पाणी दुसऱ्या खोलीत सोडत होत्या. कांद्याच्या वाफ्यांना पाणी सोडताना दारं धरतात तशी त्यांनी आमच्या हॉलला दारं धरली होती! मिस्त्रीनं नुसतं गोणपाट पसरून ते ओलं ठेवायला सांगितलं होतं. नळाला पाणी येणार आठवड्यानं, आणि टाकी कोरडी. त्या रात्री आम्ही हात-पाय पुसून झोपलो, फरशी मात्र पोटभर प्याली.

"अहो, हे लई झालं," मी म्हटलं.

"तान्हं हाय ते. मागंल तितकं द्यावं."

चिडायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि हसूच आलं. नंतरचे दिवस फार मजेत गेले. मी दारातच चपला काढून पाण्यात पाय सोडून बसायची, त्या समोर शेंगा सोलत बसायच्या आणि कोणाची मुलगी कोणाकडे दिलीय ते सांगायच्या.

आठवडा उलटला. दारातल्या लादीवर हात फिरवून मी म्हणायची, झाली वाटतं. त्या म्हणायच्या, अजून कच्चीच हाय. मला वाटलं, शेतकरी बाई, घाई कळत नाही. मग मिस्त्री पाट्या-थापी न्यायला आला. त्यानं लादीवर टकटक केलं आणि म्हणाला, "झाली की आजी, दगडासारखी! आता बास पाणी."

सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी खुरप्यानं बांध फोडला, पाणी अंगणात सोडलं आणि खुंटीवरची पिशवी काढली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही बाई ताकाला आली होती आणि भांडं लपवून बसली होती. राहायचं होतं तिला. फक्त भावकीला सांगायला कारण हवं होतं.

"मिस्त्रीला काय कळतंय?" मी जोरात म्हटलं. "तो देवघराचा कोपरा बघा की. लादी हलतेय नुसती."

लादी मुळीच हलत नव्हती. सासूबाईंनी त्यावर उभं राहून पाहिलं, टाचेनं दाबून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"व्हय गं," म्हणाल्या. "अजून कच्चीच हाय." आणि पिशवी परत खुंटीला लावली.

त्यानंतर त्या असेपर्यंत दर उन्हाळ्यात त्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी टाकायच्या. गावाहून भावकीतलं कोणी आलं आणि विचारलं की काय ओ, परत कवा येता, तर मी काही बोलायच्या आतच त्या कोपऱ्याकडे हात करायच्या. "कशी येऊ? फरशी पक्की होईना."