चिखलाचा पेढा

बालवाडीच्या वेळापत्रकात मोकळ्या खेळाला मी दहा मिनिटं दिली होती, तीही हाताची घडी घालून. बालवाडी बायकोची, गंगेकाठी दुर्गाघाटावरच्या आमच्या घरात भरणारी. खूप वर्षांपूर्वी ती एकदा आठवडाभर माहेरी गेली आणि बँकेतल्या या साहेबाने रजा काढून कारभार हाती घेतला.

आज पूर ओसरल्यावर लोक घाटाच्या पायऱ्या धूत होते. त्या आठवड्यातल्या एका सकाळचा, ओल्या गाळाचा तोच वास आला आणि मी तिथेच थांबलो.

त्या सकाळी पोरांनी अंगणात गंगेच्या गाळाचं मिठाईचं दुकान मांडलं होतं. माझी चार वर्षांची रेणू समोर आली. कोपरापर्यंत चिखल, तळहातावर एक पेढा, त्यावर तिच्या इवल्या अंगठ्याचा ठसा.

"बाबा, खा ना. झूठमूठचा आहे, खोटा खोटा."

"आत्ता गोल-चौकोन ओळखायचा तास आहे," असं म्हणून मी घंटा वाजवली. पेढा गोलच होता, हे मला आज सुचतंय.

रेणू आता पुण्यात असते. घाटावरूनच तिला फोन केला आणि म्हटलं, तो पेढा आज फार खावासा वाटतोय.

"आठवतंय मला," ती म्हणाली. "म्हणून तर नंतर तुम्हाला कधी खेळायला घेतलं नाही."