लाल गोळीचा बोभाटा

वहिनींना जाऊन दीड महिना झाला. शहापूरला शाळेत फोन आला, तशीच माहेरी टोकावड्याला निघाले. तापाचं निमित्त, तीन दिवसांत सगळं संपलं... रडू अजून येतंच. पण दहाव्याला आमच्या काकू म्हणाल्या, "एवढ्या गोळ्या खाल्ल्या गो, काय उपेग झाला?" आणि माझं डोकं फिरलं.

नव्वदीच्या दशकात वहिनी पंचेचाळिशीला आल्या आणि पाळीनं त्यांना पार पिळून काढलं. भाताच्या आवणीला वाकल्या की डोळ्यांपुढे अंधारी यायची. माझी आई म्हणायची, "वय झालं, आता बस." वहिनी बसल्या नाहीत, एकट्याच आरोग्य केंद्रात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि लोहाच्या लाल गोळ्या दिल्या. आता आमच्या गावात लाल गोळी पोटुशी बाईच खायची. झालं, लेकाचं लग्न ठरत असताना सासूलाच दिवस गेल्याची बातमी विहिरीवर पोचली. दादा लाजेनं म्हणाला, "दुधीच्या मुळाशी पुरून टाक त्या गोळ्या." आणि मी, शिकलेली नणंद, काय म्हणाले? "वहिनी, निदान लपून खा."

"वन्स, मी चोरी केलीय का? इतकी वर्सं समद्यांच्या मागून उरलंसुरलं खाल्लं, तवा कोनी बोभाटा केला नाय."

दुसऱ्या दिवशी भर विहिरीवर त्यांनी तांब्यात लिंबू पिळलं. गोळीवर चहा नको, असं बाईंनी बजावलं होतं. सगळ्यांदेखत गोळी गिळली आणि म्हणाल्या, "पोटात पोर नाय, अंगात रगत नाय. कोनाला काय इचारायचंय ते इचारा."

काही महिन्यांत त्यांच्या तोंडावर तेज आलं. रक्त भरल्यावर बाईंनी लोह थांबवलं, तेही त्यांनी ऐकलं. पुढे कोणी तरुण ठेवणाऱ्या पावडरीचा महागडा डबा विकायला आला, तर त्याला म्हणाल्या, "माज्यात कमी काय हाय ते तपासलंस का आधी?"

काकू, उपयोग हा झाला, की त्यानंतर बारा वर्षं त्या स्वतःच्या पायांवर शेतात उभ्या राहिल्या. आलेला ताप गोळीनं थोडाच अडणार होता?

आता माझंही रक्त कमी निघालंय. वहिनी जाईपर्यंत तीन महिने मी गोळ्यांची पट्टी पर्समध्ये रुमालाखाली लपवत होते, मास्तरीण असून. दहाव्याच्या त्या दुपारी वहिनींचा तांब्या विहिरीच्या कठड्यावरच होता. मी दारच्या झाडाचं लिंबू तोडून आणलं, तांब्यात पिळलं आणि काकूंच्या समोर गोळी घेतली.

कोणाला काय विचारायचंय ते विचारा.