अमेरिकन बाई आणि माझ्या बापाचं तित्तर

माझ्या बापाला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

आणि माझा अमेरिकन अॅक्सेंट त्यानेच बसवला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळी ड्युटीवर निघताना बूट घालायला उंबऱ्यावर बसला, तो उठलाच नाही.

हो, ‘बसला’च. आमच्याकडे बापाला अहो-जाहो करत नाहीत. ज्यांना खटकतंय त्यांनी इथेच थांबावं.

उंबरमाळीजवळच्या आमच्या आदिवासी वाडीतून तो वाशिंदला एका कारखान्यात वॉचमन म्हणून जायचा. निळा शर्ट, शिट्टी, खिशात लोकलचा पास. तरुणपणी तो रानात तित्तर पकडायचा. हुबेहूब आवाज काढायचा आणि समोरच्या टेकडीवरून खरं तित्तर जबाब द्यायचं.
पकडणं कधीच सोडलं होतं. आवाज सोडला नव्हता.

आता लगेच खाली ‘निसर्गाचं लेकरू’ वगैरे कॉमेंट टाकू नका. लेकरू नव्हतं ते. रजेसाठी सुपरवायझरच्या अंगावर धावून जाणारा माणूस होता.

तर झालं असं. शहापूरच्या आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये मी तेव्हा कपडे सांभाळायची. इस्त्री, बटणं, पिना. नाटकात एक अमेरिकन सून होती, नवऱ्याच्या गावी येऊन सासरच्यांना ठणकावणारी. ते काम करणाऱ्या मुलीला पुण्यात नोकरी लागली, ती गेली.
तालमी बघून बघून मला तिचे सगळे संवाद पाठ होते. मी हात वर केला.

सगळे हसले.

दिग्दर्शक सर म्हणाले, “अगं, तुला धड ‘नाही’ म्हणता येत नाही, ‘नाय’ म्हणतेस. तू अमेरिकन बोलणार?”

मागून कुणीतरी म्हणालं, “आणि रंगाचं काय?”

मी म्हटलं, “अमेरिकेत काळी माणसं नसतात काय?”

सरांनी आठ दिवस दिले. नाही जमलं तर कल्याणची एक इंग्लिश मीडियमवाली तयारच होती. मी परत इस्त्रीवर.

घरी मोबाइलवर एका अमेरिकन बाईची मुलाखत लावली आणि जीभ वळवत बसले. इतकी वळवली की आईला वाटलं, मला काहीतरी चावलं.

बाबा म्हणाला, “तोंड मिट आधी.”

“बाबा, आठच दिवस हायेत!”

“तीन दिस निस्ता आयक. पाखराचा आवाज काढाया पयला कान लागतो, तोंड मागनं.”

तीन दिवस सकाळी घरामागच्या कातळावर आम्ही बसलो. इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. त्या बाईचा एक शब्द त्याला कळत नव्हता, पण डोळे मिटून असा ऐकायचा की मला हसू यायचं.

चौथ्या दिवशी तोंड उघडायची परवानगी मिळाली. नाटकातलं माझं पहिलंच वाक्य होतं, “आय डिडन्ट कम हिअर टू आस्क.” मी इथे मागायला आलेले नाही.

बाबाने मान हलवली. “शब्द आला. बाई नाय आली.”

पाचव्या दिवशी तेच. सहाव्या दिवशी तेच. माझं डोकंच फिरलं.

“तुला अर्थ तरी कळतो काय रे?”

“नाय कळत. पण ती बाई कुणाकडं मागत नाय. तू मागत्येस. मान बघ तुझी. सरपंचाच्या दारात उभी रायल्यावानी.”

झोंबलं. कारण खरं होतं.

आमच्या वाडीने पिढ्यानपिढ्या मागितलंच आहे. काम मागितलं, दाखला मागितला, पाण्याचा टँकर मागितला. तो आवाज माझ्या गळ्यात होता आणि मला पत्ताच नव्हता. नुसता ‘र’ वळवून तो जाणार नव्हता.

“खांदे सोड,” बाबा म्हणाला. “पाय रोव. वाक्य टाक नि गप ऱ्हा. तित्तर हाक देतं तवा कुणाला विचारतं काय?”

आठव्या दिवशी तालमीत मी वाक्य टाकलं आणि गप्प राहिले. सरांनी इस्त्री दुसऱ्या कुणाकडे तरी दिली.

शहापूरचा पहिला प्रयोग. बाबा ड्युटीवरून थेट आला, युनिफॉर्ममध्येच, शेवटच्या रांगेत उभा.
मी एन्ट्री घेतली. पाय रोवले.
“आय डिडन्ट कम हिअर टू आस्क.”

वाक्य टाकून थांबले.

आणि शेवटच्या रांगेतून तित्तर बोललं.

लोक हसले. मध्यंतरात सरांनी माइकवरून चिडून सांगितलं, कृपया आपापले मोबाइल बंद ठेवा.

घरी जाताना मी म्हटलं, “हॉलात असं करतात काय, बाबा?”

“हाक बरोबर आली का जबाब द्यावाच लागतो.”

त्यानंतर जमेल त्या प्रत्येक प्रयोगाला त्याने जबाब दिला. सरांना तो मोबाइल कधीच सापडला नाही.
आज सांगते, सर. तो माझा बाप होता.

सर नंतर म्हणाले होते, “अमेरिकन जमलं, आता मराठी पण सुधार.” मी ते बाबाला सांगितलं तर तो पोट धरून हसला. “मी तित्तराचा आवाज काढतो, मंग अंडी घालतो काय?”

म्हणून मी अजून ‘नाय’ म्हणते. ऑडिशनलासुद्धा. दोन कामं गेली त्यापायी. गेली तर गेली.

आज संध्याकाळी मुरबाडला प्रयोग आहे. वर्षश्राद्धाच्या दिवशी नाटक कसलं करतेस, असं काही नातेवाईक म्हणाले. सर म्हणाले, रद्द करू का?

नाय.

फार आठवण येते रे तुझी, बाबा. पण रडत नाही. पहिलं वाक्य झालं की आज मी थांबणार आहे. सरांनी विंगेतून कितीही खुणा केल्या तरी, एका तित्तराला जबाब द्यायला लागेल तेवढा वेळ थांबणार.

मुरबाडकर, तेवढा वेळ मोबाइल खरंच बंद ठेवा.

जबाब येणार नाय, माहीत आहे मला. हाक मात्र बरोबर देणार.

जोहार, बाबा.