थांबेकाकांनी घरासाठी जोडलेला कॉम्प्युटर

बाजारात त्यांना सगळे थांबेकाका म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानांनी भरलेली एक जुनी इमारत होती. तिच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या दुकानात ते मागच्या टेबलावर कॉम्प्युटर जोडत बसायचे. गिऱ्हाईकानं पाकिटाला हात घातला की यांचं सुरू व्हायचं, "थोडं थांबा. नवीन येतंय. ते आलं की हेच स्वस्तात मिळेल." गिऱ्हाईक दुवा देत परत जायचं आणि गल्ल्यावरचा मालक कपाळाला हात लावायचा. हे टोपणनाव इतकं पक्कं बसलं होतं, की एकदा नवीन कुरियरवाला पार्सलावरचं खरं आडनाव वाचून "असं इथं कुणी नाही" असं सगळ्यांकडून ऐकून परत गेला होता, आणि तसं सांगणाऱ्यांत काका स्वतःही होते.

बरं, त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. त्या धंद्यात सकाळी घेतलेली वस्तू संध्याकाळी जुनी होते. पण माणसानं धंद्याची खोड धंद्यावरच ठेवून घरी यावं. काका ती पिशवीत घालून घरी आणायचे. फ्रिज बंद पडला तेव्हा नवीन मॉडेल येतंय म्हणून अख्खा उन्हाळा त्यांनी बिनफ्रिजचा काढला. घर बदलायचं, तेही भाव खाली आले की बदलू म्हणून राहिलं ते राहिलंच. काकू आधी चिडायच्या, मग हसायला लागल्या. त्या म्हणायच्या, "माझ्याशी लग्न तेवढं कसं काय घाईनं उरकलंत हो? नवीन मॉडेल यायचं नव्हतं का?"

काकू एका फोटो स्टुडिओत होत्या. रिटचिंग हे त्यांचं काम. पूर्वी बारीक ब्रशनं आणि नंतर नंतर कॉम्प्युटरवर त्यांनी किती चेहरे सुधारले असतील, देव जाणे. कुणाच्या गालावरचा फोड घालवला, कुणाच्या टकलावर केस उगवून दिले, वाळवीनं खाल्लेल्या आजोबांना पुन्हा कान दिले. काकूंनी हात लावलेला फोटो हात लावल्यासारखा दिसायचा नाही, हे त्यांचं खरं कसब. पुढे स्टुडिओ बंद झाला आणि त्या घरी बसल्या.

घरी बसल्यावर वर्षभरातच त्यांना ओळी वाकड्या दिसू लागल्या. दाराची चौकट मध्येच पोटात गेल्यासारखी वाटायची. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिवा मारून बघितलं आणि स्पष्टच सांगितलं, "पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. यावर औषध नाही." कधी जाईल, असं काकांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "ते मलाही सांगता येणार नाही. जे बघून करायचं असेल ते करून घ्या."

बाहेर जिन्यात काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "मला आईचा फोटो करायचाय."

त्यांच्या आईचा तेवढा एकच फोटो होता. ओल लागून त्यावर तपकिरी डाग पसरला होता आणि एक चीर कपाळावरून थेट डाव्या डोळ्यातून खाली उतरली होती. जगाचे फोटो नीट केले, पण आईचा मात्र काकूंनी तसाच ठेवला होता. एकुलत्या एका फोटोवर ब्रश टेकवायला हात धजत नव्हता. कॉम्प्युटरवर चुकलं तर मागं येता येतं आणि डोळा ताटाएवढा मोठा करून बघता येतो. "घरी एक कॉम्प्युटर आणा, बस्स," त्या म्हणाल्या. "एवढा चेहरा माझ्या हातानं झाला, की मग डोळे जायचे ते जाऊ देत."

काकांना गहिवरून आलं. आयुष्यभर परक्यांची यंत्रं जोडली, आता पहिल्यांदा बायकोसाठी जोडायचं होतं. त्यांची बहीण म्हणाली, "दादा, माझ्याकडचा नुसता धूळ खात पडलाय, आजच घेऊन जा." मालक म्हणाला, "शोकेसमधला उचल, हिशेबाचं नंतर बघू." काकांना दोघांचाही राग आला. बहिणीच्या स्क्रीनवर पांढरा रंग पिवळट दिसायचा, आणि शोकेसमधल्या पंख्याची घरघर भिंतीपलीकडे ऐकू जायची. घरच्या माणसाला कुणी असलं देतं का? नाही, हा कॉम्प्युटर असा होणार होता की बाजारात कुणी तसा जोडला नसेल.

मग रोज संध्याकाळी निवड सुरू झाली. दिवेलागणीला चहा घेऊन दोघं ओट्याशेजारच्या टेबलावर बसायची. काका माहितीपत्रकं पसरायचे आणि बोलत सुटायचे. कॅबिनेट कसं हवं, आतून हवा कशी खेळेल, पंखा हळू फिरला तरी थंड कसं राहील. वीज नीट पुरवणारा डबा चांगल्यातला हवा, कारण बाकी सगळं त्याच्या जिवावर. बाहेर चार वाक्यं न बोलणारा हा माणूस रॅमवर तासभर बोलायचा. काकू हनुवटीखाली हात घेऊन ऐकायच्या. इतक्या वर्षांत नवरा रोज असा समोर बसलेला त्यांना ठाऊक नव्हता.

आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं. नवीन प्रोसेसर येणार होता, म्हणून आहे तो घ्यायचा नाही. नव्याला जुना बोर्ड चालत नाही, म्हणून बोर्ड राहिला. नव्या बोर्डाला रॅम वेगळ्या जातीची लागते, म्हणून रॅम राहिली. कॅबिनेट तेवढं आलं आणि रिकाम्या कपाटासारखं कोपऱ्यात बसलं. प्रोसेसर एकदाचा आला, तर काका म्हणाले की पहिल्या मालात खोट निघते, दुसरा येऊ दे. काकूंनी एकदाच विचारलं, "अहो, जुन्यावर नाही का होणार आईचा फोटो?" काका समजावणीच्या सुरात म्हणाले, "होईल गं, पण तुझ्या हाताला साजेसा नाही होणार. इतकं थांबलीस, आता थोडक्यासाठी कशाला?" काकूंनी पुन्हा विचारलं नाही. आता या माणसाला काय म्हणावं? बायकोवर त्याचा जीव होता, यात शंका नको. पण डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यानं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. त्याच्या जगात थांबलं की वस्तू सुधारत जात. थांबल्यानं बिघडणारी वस्तू त्यानं हाताळलीच नव्हती.

स्क्रीन निवडायला मात्र ते काकूंना दुकानात घेऊन गेले. दोन स्क्रीन शेजारी ठेवून दोन्हींवर एकाच बाईचा चेहरा लावला. काका म्हणाले, "बघ, कातडीचा रंग कुठला खरा वाटतो? यातलं तुला जास्त कळतं." काकू बराच वेळ मान तिरकी करून उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "डावा." काका एकदम खूश झाले. त्यांनाही डावाच आवडला होता. तो महाग होता, आणि त्याचा नवा माल महिनाअखेरीला येणार होता.

शेवटी सगळं आलं. एका रविवारी सकाळी काकांनी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून यंत्र जोडलं. एकही वायर डोळ्यात येणार नाही अशी आतल्या आत बांधली. बटण दाबलं, तर सुरू झाल्याचं कळूही नये इतका आवाज बारीक. त्यांनी आईचा फोटो स्कॅन करून उघडला, काकूंच्या हातात स्क्रीनवर टेकवून काढायचं पेन दिलं, आणि ते मागं उभे राहिले.

काकूंनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. पेनाचं टोक चेहऱ्यापासून वीतभर लांब हवेत होतं.

"चेहरा कुठाय हो?" त्यांनी विचारलं.

"अगं, समोर. अगदी मधोमध."

"मधोमध मला काही नाही दिसत."

काकांनी फोटो कडेला सरकवला. काकूंना केसांची काळी रेघ दिसली आणि कान दिसला. नजर वळवली की जे बघायचं तेच नाहीसं व्हायचं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"स्क्रीन बघायला गेलो ना, तेव्हाही नव्हतं दिसत. डावा आपला अंदाजानं म्हटलं."

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगणार? तुम्ही इतके रमला होतात. वाटलं, कडेकडेनं तरी जमेल." त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच काकांना सोसवेना. त्यांना ओरडून रडावंसं वाटलं. हा कॉम्प्युटर पहिल्या आठवड्यात घरी आला असता, कसलाही, पिवळट, घरघरणारा, तरी काम झालं असतं. हे त्यांना आता लख्ख कळत होतं आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

थोड्या वेळानं काकू म्हणाल्या, "तुम्ही धरा पेन. मी सांगते तसं करा. डाग सोपा आहे, शेजारचा रंग उचलून भरा. डोळ्याला सांभाळून. आईचा डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक होता, हसली की जवळजवळ मिटायचा. तो तसाच आला पाहिजे, नाहीतर ती आई नव्हे."

काका बसले. स्क्रू पिळायला सरावलेली बोटं ती. डाग भरला तर कपाळ भिंतीसारखं सपाट झालं. चीर बुजवली तर गालावर माराचा वळ उठल्यासारखं दिसू लागलं. बारीक डोळा त्यांनी पुन्हा पुन्हा काढून पाहिला, दर वेळी तो आंधळ्याचा होत होता. काकू शेजारी बसून विचारत होत्या, "आला का?" आणि काका म्हणत होते, "येतोय, येतोय." शेवटी त्यांनी उजवा डोळा उचलला, उलटा केला आणि डावीकडे बसवला. तो चपखल बसला. स्क्रीनवर एक देखणी, दोन्ही डोळे सारखे असलेली बाई हसत होती, आणि ती कुणाचीच आई नव्हती.

"झाला," काका म्हणाले.

"बारीक आलाय ना?"

"अगदी तू म्हणालीस तसा."

छापून आणलेला फोटो काकूंनी मांडीवर घेतला. गुळगुळीत कागदावरून अंगठा फिरवत त्या कितीतरी वेळ बसल्या. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्या हसल्या. "हात चांगला आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे स्टुडिओत असतात तर ठेवून घेतलं असतं." काकांना मान वर करवेना.

"आता तो जुना टाकून द्या. बुरशी धरलीय त्याला, अल्बममधल्या बाकीच्यांना लागेल."

काका जुना फोटो घेऊन स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्याशी गेले. खिडकीच्या उजेडात त्यांनी तो बघितला. डागाखाली, चिरेच्या पलीकडे, सासूबाई एक डोळा बारीक करून हसत होत्या. काकांनी डब्याचं झाकण उघडलं, जरा वेळ तसंच धरलं आणि आवाज होईल असं मिटलं. फोटो त्यांनी सदऱ्याच्या आत, बनियनला लावून सरकवला.

"टाकला का हो?" बाहेरून काकूंनी विचारलं.

"टाकला," काका म्हणाले.