फ्लेक्सवरचा हार

नव्या फ्लेक्सचा उग्र वास आला की माझा हात अजूनही आपोआप मनगटाकडे जातो. लढाईत गेलेल्या माझ्या दादाच्या पहिल्या स्मृतिदिनाला, धारगळच्या हमरस्त्यालगत, प्लॉट विकणाऱ्या एका कंपनीने मांडव घातला होता. त्यांनी फोटो मागितला म्हणून मी आम्हा दोघा भावांचा पाठवला, चवथीला गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली काढलेला. त्यात दादाने गंमत म्हणून आपली लष्करी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली होती. आईला रिक्षातून उतरवताना मी वर पाहिलं. 'विनम्र अभिवादन'खाली छापील हार घातलेला चेहरा माझा होता, आणि त्याच फ्लेक्सवर शेजारी जाहिरातीतले स्विमिंग पूलवाले बंगले. मी आईपुढे आडवा उभा राहिलो, पण तिने पाहिलंच. "जित्या झिलाक हार घातलो रे तेंनी," ती पुटपुटली. मी कंपनीच्या माणसाला गाठून फ्लेक्स उतरवायला सांगितलं. "उतरवला तर बंगलेही जातील ना," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "कॅमेरे आलेत. कार्यक्रम होऊ दे." मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. वाऱ्यावर फ्लेक्स तेवढा फडफडत होता. आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं, अंगठा नाडीवर, आणि ती वर बघतच नव्हती. आता आईही नाही. पण मनगट चाचपताना राहून राहून वाटतं, दादासाठी म्हणून तिला दोन मिनिटं मिळाली होती, आणि तीही माझ्यावरच गेली.